जॉयचं माप

आमच्या घरात सायकलच्या सीटवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी दुसऱ्या घरांत जमिनीवरून होतात. आमच्याकडे जमीन नाही, त्यामुळे ती हौस आम्ही सीटवर भागवली.

पहिलं भांडण फेथच्या वेळचं. फेथ माझी थोरली, आता पहिलीत आहे. ती वर्षाची झाली तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माळ्यावरून एक लाकडी सीट खाली काढलं. सायकलच्या दांडीवर बसवायचं, त्यांनी स्वतः केलेलं. ह्याच सीटवर बसवून त्यांनी जॉन्सनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लहानपणी शिरूरभर मिरवला होता. मी म्हणाले, पुढे नको. करकचून ब्रेक लागला की पोरगी हँडलवर जाईल.

“आन् मागं बसवली, झोपली, मान कलंडली, तर तुला कळनार हाय का?” आबा म्हणाले. “पुढं असली म्हंजी डोळ्याम्होरं ऱ्हाती.”

दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण लांबलं. शेवटी मी मागच्या कॅरिअरवर बसणारं प्लास्टिकचं सीट आणलं. उंच पाठीचं, छातीवर पट्ट्यांचं, पाय चाकात जाऊ नयेत म्हणून बाजूला आडोसा असलेलं. माझं माहेर दौंडचं, रेल्वे कॉलनीतलं. गाड्यांच्या धडधडाटावर आवाज चढवून बोलायची लहानपणापासूनची सवय, त्यामुळे भांडणात मी सहसा हरत नाही. फेथ त्या सीटवरून बालवाडीत गेली, बाजारात गेली, चर्चला गेली. आबांचं लाकडी सीट परत माळ्यावर चढलं.

मग जॉय झाला.

जन्मल्यावर रडायला त्यानं फार वेळ घेतला. तेवढ्या वेळाचं देणं त्याचं अंग अजून फेडतंय. अडीच वर्षांचा झाला तरी आपला आपण बसत नाही. मान धरतो, पण थोडा वेळ. मग देवळाच्या पारावर डुलक्या घेणाऱ्या म्हाताऱ्यासारखी ती हळूहळू खाली येते. हातात बिस्किट दिलं तर बोटं मिटतात आणि लगेच उघडतात, बिस्किट खाली. पण हसतो असा, की समोरच्यानं हातातलं काम टाकावं. फेथचा आवाज ऐकला की पाय झाडतो. त्याला सगळं कळतं. हे मी आई म्हणून सांगत नाही. अनिताताई पण तेच म्हणतात. त्या दौंडहून आठवड्यातून एकदा शिरूरला येतात आणि जॉयसारख्या मुलांकडून व्यायाम करून घेतात.

जॉयला घेऊन बाहेर पडायचं म्हणजे मोहीम. आम्ही राहतो निमोण्याच्या रस्त्याला, शिरूरच्या पार कडेला. जॉन्सन सणसवाडीच्या कंपनीत आहे, मोटरसायकल त्याच्याकडे. तिच्यावर मांडीत धरून जॉयला नेऊन पाहिला होता. तो मध्येच ताठ होतो आणि मागे झेप टाकतो. एकदा तर फाट्याजवळ माझ्या हातातून जाता जाता राहिला. तेव्हापासून मोटरसायकल बंद. रिक्षा सणावाराला परवडते, रोजच्याला नाही, आणि मला रोजचं हवं होतं. कडेवर घेऊन किती चालणार? पोरगा वाढतोय, माझी कंबर तेवढीच आहे.

म्हणून रविवारी आमच्यातलं एक जण घरी राहायचं. एका रविवारी मी, एका रविवारी जॉन्सन. जॉय चर्चमध्ये गेला होता तो त्याच्या बाप्तिस्म्याला, त्यानंतर नाहीच. ह्या वर्षी हंगामाचा सण जवळ आला. त्या दिवशी लोक शेतातलं, परसातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात, आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. एकेका कोंबडीवर अशी चढाओढ लागते की कोंबडीलाही अभिमान वाटावा. फेथ आम्हाला म्हणाली, “ह्या वेळी घरी कोण राहणार? मी राहू का? तुम्ही दोघं जा.”

सहा वर्षांच्या पोरीनं पाळी लावून घ्यावी हे मला सहन झालं नाही. मी तिथंच ठरवलं, सणाला आम्ही सगळे जाणार. जॉय माझ्या सायकलवर, फेथच्या सीटवर, बहिणीसारखाच बसून येणार.

त्या सीटच्या खोक्यावर लिहिलेलं होतं की मूल आपलं आपण बसत असेल तरच वापरा. मी ते वाचलं होतं. पण खोक्यावर लिहिणाऱ्याला माझा जॉय कुठं माहीत होता?

अंगणात सायकल स्टँडवर लावली, फेथनं हँडल धरलं. मी जॉयला सीटवर बसवला, पट्टे आवळले, वर छातीभोवती आबांचा पंचा गुंडाळला आणि डोक्यावर फेथचं जुनं हेल्मेट घातलं. एका सेकंदासाठी तो असा ताठ, राजासारखा बसला की माझे डोळे भरून आले. स्टँड काढला आणि सायकल हातानं ढकलत कडुनिंबापर्यंत नेली.

“मम्मी, जॉय गुरगुरतोय,” फेथ म्हणाली.

मागे वळून पाहिलं. हेल्मेटचा मागचा फुगवटा सीटच्या पाठीला टेकून डोकं पुढे ढकलत होता. हनुवटी छातीवर दाबली गेली होती आणि नाकातून घरघर येत होती. पट्टे सुटता सुटेनात. आबा त्यांच्या सुतारकामाच्या शेडमधून धावत आले, त्यांनी पंचा ओढून काढला, मी जॉयला उचलला. तो खोकला, रडला. त्या रडण्यानं मला जीव आला.

आबा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

अनिताताईंना सांगितलं तेव्हा त्या मात्र बोलल्या. “मार्था, बसता येत नाही तोवर सीट नाही. पुढचं नाही, मागचं नाही, पंचा बांधून तर नाहीच नाही. तुला नेऊ नको म्हणत नाही मी. ट्रेलर बघ.” त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवले. सायकलच्या मागे जोडलेली दोन चाकांची बुटकी गाडी, वर छत, आत मूल मागे रेलून बसलेलं. “आत मान टेकते, बाजूनं आधार मिळतो. सायकल पडली तरी गाडी पडत नाही. फक्त बुटकी असते, मोठ्या गाडीवाल्यांना दिसत नाही, म्हणून वर उंच काठीला झेंडा लावतात.”

किंमत बघून मी मोबाईल उलटा ठेवला. पण खरं कारण किंमत नव्हतं. खरं कारण असं, की मला जॉय बसलेला दिसायला हवा होता. चर्चच्या फाटकातून आम्ही आत शिरू तेव्हा बायकांनी पाहावं, मार्थाचा मुलगा सायकलवर बसून आला. गाडीत घालून, ओढत आणलेला नव्हे. गाडीत घालून भाजी आणतात. त्या बायका मला भेटल्या की आधी माझा हात धरतात आणि मग मान तिरकी करून विचारतात, “कसा आहे गं?” त्या तिरक्या मानेचा मला संताप येतो. त्यांच्यापुढे जॉयला मागच्या गाडीतून नेणं मला जमणारं नव्हतं.

घरी येऊन मी हे सगळं तावातावानं सांगितलं. जॉन्सन म्हणाला, “विचार कर.” आम्ही चर्चच्या एकाच युवक संघातले, अरे-तुरेवाले, मी म्हणाले, “तूच कर.” आबा चहा पीत ऐकत होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “चाकं केवढी म्हनली ती ट्रेलरची?”

इथं आबांचं काम सांगायला हवं.

नथानिएल मिस्त्री म्हणून त्यांना शिरूरमध्ये सगळे ओळखतात. दारं, खिडक्या, देव्हारेसुद्धा केले त्यांनी लोकांचे. पण आमच्या समाजात त्यांचं नाव निघतं ते वेगळ्या कारणासाठी. कुणाच्या घरी माणूस गेलं की आधी चर्चच्या पाळकांना निरोप जातो आणि मग आबांना. शवपेटी तेच करतात. माझ्या सासूची, इवा आजीची, पेटीही त्यांनीच केली. दुसऱ्याला हात लावू दिला नाही.

मोठ्या माणसाचं माप ते टेपनं घेतात. लहान मुलाचं मात्र टेपनं घेत नाहीत. त्यासाठी इवा आजीच्या शिवणाच्या डब्यातलं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आहे. लेकराच्या डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा धरायचा, तोडायचा, पेटी झाली की तो दोरा लेकरासोबत पेटीत ठेवायचा. लेकराचं माप घरात ठेवायचं नाही, असा त्यांचा नियम. हे कुणी त्यांना शिकवलेलं नाही आणि बायबलात कुठं सांगितलेलं नाही. पण आमच्या मंडळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. आबांच्या हातात पांढरा दोरा दिसला की बायका तोंडाला पदर लावतात.

आता पुढचं समजेल.

फेथला शाळेतून घेऊन मी दुपारी घरी आले. जॉय ओसरीतल्या खाटेवर उताणा होता, जागा. आबा त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसले होते. त्यांच्या एका हातात रीळ होतं आणि दुसऱ्या हातानं त्यांनी पांढरा दोरा जॉयच्या डोक्यापासून टाचेपर्यंत ताणून धरला होता.

मी काय काय बोलले ते आठवत नाही. फेथ म्हणते, मम्मी इतकी ओरडली की शेजारच्या हौसरावमामांच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. एवढंच आठवतं की मी म्हणाले, “जिवंत आहे तो! माझा मुलगा जिवंत आहे!” आणि जॉयला उचलून खोलीत नेला आणि कडी लावली.

आबा दाराबाहेर उभे राहून म्हणत होते, “पोरी, ऐक तर. टेप न्हाई घावला. अगं, गाडीसाठी...” मला ऐकायचं नव्हतं.

बऱ्याच वेळानं लक्षात आलं, दोरा जॉयच्या मुठीत होता. मी ओढून घेताना तो तुटून त्याच्याबरोबर आत आला होता. मला तो दोरा आमच्या अंथरुणावर नको होता. मी त्याची मूठ उघडायला गेले. उघडेना. बिस्किट न धरणारा, खुळखुळा न धरणारा माझा पोरगा दोरा सोडत नव्हता. मी बोट घातलं तर त्यानं माझं बोटही धरलं. ह्याचा आनंद मानावा की शहारा यावा, मला कळेना. तो झोपल्यावर मूठ सैल झाली. मी दोरा काढला, पण फेकता आला नाही. खिडकीत ठेवून दिला.

त्यानंतर घरात अबोला. जॉन्सन दोघांच्या मधे भाकरीसारखा भाजून निघाला. शेडमधून मात्र रंध्याचा, हातोडीचा आवाज सकाळ-संध्याकाळ येत राहिला. मी तिकडे फिरकले नाही. जवळ आलेला सण मी मनातून पुसून टाकला.

शेवटी फेथच धावत आली. “मम्मी, आबांनी जॉयची गाडी केली! चल ना, बघ तरी!”

मी गेले ते भांडायच्याच तयारीनं. शेडमध्ये उजेडात ती उभी होती. गुळगुळीत रंधलेल्या फळ्या, पॉलिशचा वास, खाली भंगारातून आणलेली लहान सायकलची दोन चाकं. काम सुरेख होतं. आबांचं काम सुरेखच असतं. पण फळ्यांचा आकार बघून मी दारातच थांबले. डोक्याशी जरा अरुंद, खांद्याशी रुंद आणि तिथून पायांकडे निमुळती होत गेलेली. आमच्या समाजातलं शेंबडं पोरही तो आकार ओळखेल.

ह्या वेळी मला ओरडताही आलं नाही. “आबा,” मी म्हणाले, “ही तर पेटी आहे.”

“मग? लाकडाची गाडी म्हंजी...” असं म्हणत त्यांनी तिच्याकडे पाहिलं. आणि मी शपथेवर सांगते, त्यांनी ती तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तोंड तसंच उघडं राहिलं. हातातला पॉलिशचा बोळा खाली पडला. “व्हय की,” ते म्हणाले. “व्हय की गं. हे काय केलं म्या?” आणि ते स्टुलावर बसले ते एकदम वाकून, दोन्ही हात गुडघ्यांत घालून.

फेथ घाबरून माझ्यामागे लपली. एवढ्या वर्षांत मी आबांना इवा आजीच्या दफनाच्या वेळीसुद्धा असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

“हाताला सवय लागलीया,” ते खाली बघत म्हणाले. “फळी हातात आली की हात आपला आपन तिकडंच जातो. पन पोरी, खरं सांगू का? म्या ध्यानच दिलं न्हाई. त्या दिवशी दोरा लावला न्हवं का त्याला? आजवर किती लेकरांना लावला असंल. समदी गप पडल्याली. कुनी हललं न्हाई, कुनी डोळं उघडून बघितलं न्हाई. आन् ह्यानं...” त्यांनी मूठ मिटून दाखवली. “ह्यानं दोरा धरला गं. माझ्या हातातनं ओढला. म्हनला जनू, आबा, हा माझा हाय. तवापासनं मला कायबी सुचंना. रंधा हातात घेतला तो खालीच ठेवला न्हाई. मापं घेऊन घेऊन म्हातारा झालो, आन् पयल्यांदा कुनीतरी दोरा धरला.”

मी तिथंच जमिनीवरच्या भुशात बसले आणि रडले. आबा रडले. फेथनं दोघांकडे बघून घेतलं आणि आपणही सूर लावला. आम्ही दौंडचे लोक रडतोही मोठ्यानं, त्यामुळे हौसरावमामा कुंपणावरून धावत आले. त्यांचा मळा आमच्या मागेच आहे, उसाचा ट्रॅक्टर आहे त्यांचा.

“कोन गेलं?” त्यांनी धापा टाकत विचारलं.

“कुनी न्हाई,” आबा डोळे पुसत म्हणाले. “समदी हाईत.”

डोळे पुसून झाल्यावर मी उठले आणि पटाशी आबांच्या हातात दिली. “खिळे काढा. फळ्या चांगल्या आहेत, वाया घालवायच्या नाहीत. पुढून मागेपर्यंत सारखी रुंद करा. आणि तळ सपाट नको, त्याला रेलता आलं पाहिजे.” हे बोलत असताना मला एवढंच जाणवलं की मी गाडी कशी हवी ते सांगत होते, हवी की नको ह्यावर बोलतच नव्हते.

मग ती गाडी आमच्या सगळ्यांची झाली. पाठ किती तिरकी असावी ते अनिताताईंनी जॉयला धरून बसवून दाखवलं. डोक्यामागे खोलगट खाच मी करून घेतली, कारण हेल्मेट मागे टेकलं की डोकं कसं पुढे जातं ते मी पाहिलं होतं. दोन्ही बाजूंना जुन्या गोधडीच्या उशा शिवल्या. वर जॉन्सननं कंपनीच्या पॅकिंगच्या ताडपत्रीचं छत घातलं. चाकांवर पत्रा आला, आत पट्टे आले. आणि सायकलला जोडायचा हूक हौसरावमामांनी केला.

तिथं एक गंमत झाली. मामांना हूक म्हणजे उसाच्या ट्रॉलीचा ठाऊक. त्यांनी तसाच घट्ट खिळीचा हूक करून दिला, म्हणाले, “दहा टन ओढंल.” आम्हाला दहा टन ओढायचे नव्हते. जॉयला बसवण्याआधी चाचणी म्हणून सणाला न्यायचा भोपळा आत ठेवला, मामांच्याच मळ्यातला, अंदाजे जॉयच्या वजनाचा. फेथनं त्याला हेल्मेटही घातलं. मी सायकल फिरवून कडुनिंबापाशी आणली, उतरताना तोल गेला, सायकल आडवी झाली आणि तिच्याबरोबर गाडीही. हेल्मेट जाग्यावर राहिलं, पण खालून भोपळ्याची दोन शकलं झाली.

फेथनं हेल्मेट काढून घेतलं. मग मामा म्हणाले, “ह्यो हूक कामाचा न्हाई.”

“भोपळा फुटला ते बरंच झालं,” आबा म्हणाले. ट्रॉलीच्या हूकच्या जागी त्यांनी पीळ खाणारा जाड रबरी पाइपाचा तुकडा आणि दोन नटबोल्ट घातले, वर सुटू नये म्हणून पट्टा. मी मुद्दाम सायकल पाडली. डावीकडे पाडली, उजवीकडे पाडली. मागे भोपळ्याच्या जागी ठेवलेलं कांद्याचं पोतं गाडीत गपगार बसून होतं. त्या संध्याकाळी भोपळ्याचे घारगे झाले, मामांनीही खाल्ले आणि सणासाठी दुसरा भोपळा आणून दिला.

झेंड्याचं राहिलं होतं. उंच काठीला काहीतरी लावायला हवं, नाहीतर उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला गाडी दिसायची नाही. पण आपल्याकडे झेंडा म्हटला की आधी रंग बघतात आणि मग माणूस. भगवा लावला तर एक विचारणार, निळा लावला तर दुसरा, हिरवा लावला तर सगळेच. शेवटी फेथच्या जुन्या पिवळ्या रेनकोटची बाही कापून लावली. तिच्यावर बदकं आहेत. बदकांवरून अजून कुणी काही विचारलेलं नाही.

सगळं झाल्यावर मी खिडकीतला दोरा आणून आबांपुढे धरला. “ह्याचं काय करायचं?”

त्यांनी तो हातात घेतला नाही. “तू सांग.”

“नियम तुमचा आहे. दोरा पेटीतच जातो ना?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तो दोरा घेऊन चार पदरी पिळला, चांगला घट्ट, वीतभर लांबीचा. गळ्यापर्यंत पोचू नये एवढाच. मामांच्या बैलांच्या घुंगरमाळेतलं एक घुंगरू छताच्या आतल्या बाजूला टांगलं आणि हा दोरा त्याला बांधला. दुसऱ्या टोकाला एक लाकडी मणी, जॉयच्या हाताशी. “वढंल तवा वाजंल,” ते म्हणाले. “न्हाई वढलं तर न्हाई.” 

सणाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढे जॉन्सन उसन्या आणलेल्या सायकलवर, कॅरिअरवर फेथ आणि तिच्या मांडीत पिशवीतला भोपळा. मध्ये मी आणि माझ्यामागे गाडी. सगळ्यात मागे आबा, धुतलेलं पांढरं जाकीट घालून, आपल्या जुन्या सायकलवर, मागच्या वाहनांना हात दाखवत.

मी रस्ता बघत होते खरी, पण सगळा जीव पाठीत गोळा झाला होता. आबांचं ते पहिलं बोलणं आठवत होतं, मागं बसवलंस तर तुला कळणार आहे का. सीट तरी पाठीला टेकून असतं, पाय लागतात. गाडीत तो किती लांब होता! घुंगरू वाजत होतं, पण निमोण्याच्या रस्त्याला घुंगरू न वाजता कसं चालेल? प्रत्येक खड्ड्याला छन्न, प्रत्येक खड्ड्याला छन्न. त्यातलं रस्त्याचं किती आणि जॉयचं किती, कोण सांगणार? बोटं उघडून मणी केव्हाच सुटला असेल. त्या दिवशी दोरा धरला तो योगायोग असेल. असलं सगळं मनात येत होतं आणि मी पायडल मारत होते.

गावाच्या तोंडाशी कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. मागे दोन ट्रॉल्या, वर गाणं, वळताना त्यानं सगळा रस्ता अडवला. जॉन्सन आधीच पलीकडे गेला होता. मी ब्रेक दाबले, दोन्ही पाय खाली टेकले. गाडी मागे हळूच येऊन थांबली. घुंगरू एकदा हललं आणि गप्प झालं. समोरून उसाच्या मोळ्या सरकत होत्या. बाजूला बस थांबली होती, खिडक्यांतून लोक आमच्या बदकांच्या झेंड्याकडे बघत होते. एका बाईची मान तिरकी झालेली मला दिसली. मला राग यायला हवा होता, पण त्या वेळी कशाचंच काही वाटत नव्हतं, फक्त मागची शांतता ऐकू येत होती. वळून बघायची हिंमत होत नव्हती.

छन्न.

सायकल उभी होती. चाक हललं नव्हतं. वाराही नव्हता.

मी मान वळवून आधी आबांकडे पाहिलं. त्यांना माझा संशय कळला. त्यांनी हँडल सोडून दोन्ही हात वर केले, म्या न्हाई. त्यांचे डोळे गाडीच्या आत लागले होते.

छन्न. छन्न.

मला हसू आलं की रडू ते अजून कळलेलं नाही. मी माझ्या हँडलवरची घंटी वाजवली, एकदाच. मागे थोडा वेळ काहीच नाही. मग घुंगरू वाजलं.

ट्रॅक्टर केव्हाच निघून गेला होता. पलीकडून फेथ हाका मारत होती, चर्चमध्ये पहिलं गीत सुरू झालं असेल, मागचा मोटरसायकलवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. आबा त्याला म्हणाले, “थांब रं बाबा जरा. आमचं बोलनं चाललंय.” मी घंटी पुन्हा वाजवली आणि पाय खाली टेकूनच, त्याच्या उत्तराची वाट बघत उभी राहिले.